रोज हरवणारा दीड तास

माझ्या धंद्यात लोक आधी घाबरतात, मग चिडतात आणि शेवटी कॉफी पाजतात. हा क्रम मी पंचवीस वर्षं बघते आहे आणि तो एकदाही चुकलेला नाही. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, हातात लिहायचं पॅड घेऊन बाई कारखान्यात शिरली, की पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं, ही आपली नोकरी घालवायला आली. माझं नाव सुमित्रा राव, पण तंजावूरच्या कारखान्यांत ते कुणाला माहीत नाही. तिथे मी ‘स्टॉपवॉच अम्मा’.

आम्ही तंजावूरचे मराठी. कितव्या पिढीचे, ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. शिकायला आणि मग नोकरीला पुण्याला गेले तेव्हा ‘उद्या येते’ऐवजी ‘उदईक येते’ म्हटलं की वसतिगृहातल्या मुली हसून लोळायच्या. देवनागरी भराभर लिहायला मी तिथेच शिकले. त्यामुळे हा लेख आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाही वाचता येणार नाही. बरंच झालं! कारण यात माझी चांगली फजिती आहे, आणि आमच्या ह्यांना ती आधीच नको तितकी ठाऊक आहे.

हा धंदा काय आहे ते आधी सांगते. कारखाना मागे पडतो तो माणसं आळशी असल्यामुळे, असं मालकांना वाटतं. तसं क्वचितच असतं. एखादी वस्तू कारखान्यात दहा दिवस असते आणि तिच्यावर प्रत्यक्ष काम होतं जेमतेम दहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ ती कशाची तरी वाट बघत पडलेली असते. मशीनची, माणसाची, सहीची, ट्रकची. हे वाट बघणं शोधून काढायचं, एवढंच माझं काम. शोधलं की ते कमी करता येतं, माल लवकर निघतो, आणि दुसऱ्या गावचा कारखाना आपलं गिऱ्हाईक पळवू शकत नाही.

गमती खूप होतात. एका अप्पळाच्या म्हणजे पापडाच्या कारखान्यात घड्याळ बघून एका बाईंनी असे सपासप पापड लाटले की दुपारी त्यांचा खांदा धरला, आणि तिथल्या सगळ्या बायकांनी मिळून माझा उद्धार केला. एका भातगिरणीच्या मालकांना मी म्हटलं, हे मशीन तीन फूट सरकवा. त्यांनी वास्तुवाल्याला विचारलं. तो म्हणाला, चार फूट. मी म्हटलं, चार तर चार! काम झाल्याशी मतलब.

पण ज्या कारखान्याबद्दल आज सांगायचंय तो तिरुवैयारु रस्त्यावरचा, कॉफी फिल्टरचा. आमच्याकडे सकाळ त्या फिल्टरशिवाय होत नाही. स्टीलचे दोन पेले एकावर एक. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पूड घालायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, आणि खालच्या पेल्यात गडद डिकाशन ठिबकत राहतं. हे पेले प्रेसवर बनतात. खाली साचा, त्याला डाय म्हणतात, वर पत्र्याची गोल चकती, आणि वरून दाब. चकतीचा पेला होतो. बघायला इतकं छान वाटतं की मी अजूनही पहिल्या दिवशी पाच मिनिटं नुसती उभी राहते.

आता दोन माणसांचा फिल्टर बनवून झाला आणि चार माणसांचा बनवायचा, तर डाय बदलावी लागते. शेवटचा जुना पेला निघाल्यापासून पहिला चांगला नवा पेला निघेपर्यंत प्रेस उभा. हा वेळ फार असला की मालक काय करतो? बदलतच नाही! आठवडाभर एकच साइझ काढतो आणि गोदाम भरतो. या कारखान्याचे मालक मुरुगेसन तेच करत होते. आणि मग चेन्नईच्या भांड्यांच्या दुकानांच्या एका साखळीने त्यांना सांगितलं, आम्हाला गोदाम भरून एकच माल नको. दर आठवड्याला पाचही साइझ थोडे थोडे हवेत. जमत असेल तर बोला, नाहीतर कोइंबतूरचा एक कारखाना द्यायला तयार आहे.

मुरुगेसन मला म्हणाले, “अम्मा, ही ऑर्डर गेली तर मी दुसरी पाळी बंद करणार. दुसरा रस्ताच नाही.” दुसऱ्या पाळीत चाळीस माणसं होती.

मी कामाला लागले. काय उत्साह होता मला! डाय बदलण्याचा वेळ कमी करणं हे माझं आवडतं काम, त्यात मी पुण्यात नाव कमावलं होतं. दोन आठवडे मी प्रेससमोर उभं राहून वेळ टिपला. माझ्या मोजणीत एक बदल पन्नास-पंचावन्न मिनिटांत व्हायचा. आणि कारखान्याच्या सेटिंगच्या वहीत? काही बदल तासाभराचे, आणि रोज एखादा तरी सव्वादोन, अडीच तासांचा! मी प्रत्यक्ष बघितलेल्यांपैकी एकही असा लांबलेला नव्हता.

ही वही लिहायचे वेलुस्वामी. डाय बसवणाऱ्याला सेटर म्हणतात, हे तिथले सेटर. ओरत्तनाडूकडचे, रोज बसने यायचे. पन्नाशी उलटलेली, कपाळाला विभूती, बोलणं कमी. काहीही विचारलं की “पार्क्कलाम” म्हणायचे, म्हणजे बघू या. हे ‘बघू या’ ऐकून माझं डोकं फिरायचं. मी विचारलं, हे अडीच तास कसे काय? ते म्हणाले, “त्या दिवशी तसं झालं, अम्मा.” मी विचारलं, मी उभी असताना कसं होत नाही? त्यांनी वही मिटली आणि ते डायकडे वळले.

झालं! मी निष्कर्ष काढला. बाई समोर असली की माणूस नीट काम करतो, नसली की टंगळमंगळ करतो. मी अहवालात लिहिलं की सेटर वेलुस्वामी डाय बदलताना वेळ काढतात. नावानिशी लिहिलं. पुण्याच्या माझ्या पहिल्या साहेबांनी बजावलं होतं, अहवालात पद्धतीचं नाव लिहायचं, माणसाचं नाही. पण मी चिडले होते, आणि मला वाटलं, पुरावा आहे तर भ्यायचं कशाला?

मुरुगेसननी वेलुस्वामींना पॅकिंगमध्ये पाठवलं. बावीस वर्षं डाय बसवणारा माणूस फिल्टर कागदात गुंडाळायला लागला. कोइंबतूरहून नवा सेटर आला, चटपटीत, कॉम्प्युटरवर नोंदी करणारा. चेन्नईच्या माणसाने तपासणीची तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरचा शुक्रवार. एका पाळीत पाचही साइझ काढून दाखवा, तेव्हाच ऑर्डर.

आठ दिवसांनी मी नव्या सेटरच्या नोंदी बघितल्या. पन्नास मिनिटं, पंचावन्न मिनिटं, आणि रोज एखादा अडीच तास. तस्सेच! वेलुस्वामींनी एक मिनिटसुद्धा खोटं लिहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी मी सगळे कागद जमिनीवर पसरून बसले. इथे आमच्या घरातली एक सवय सांगायला हवी. स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायची तमिळ दिनदर्शिका आहे. आमचे हे, माधवराव, सकाळी त्या दिवसाचं पान मोठ्याने वाचतात आणि फाडून माझ्या पॅडला लावतात. पानं पाठीमागे कोरी असतात ना, म्हणून मी त्यांच्यावर वेळ टिपते. आमच्या दोघांच्या काटकसरीचं हे संयुक्त खातं.

हे चहा घेऊन आले आणि एक पान उचलून उलटं वाचायला लागले. “मंगळवार. राहुकाळ तीन ते साडेचार.” मग पुढचं. “बुधवार. बारा ते दीड.”

मी म्हटलं, “अहो, ठेवा ते, माझ्या नोंदी आहेत.”

“होय, पण मंगळवारचं रीडिंग तीनला बंद आणि पावणेपाचला चालू. बुधवारचं बारा ते दीड कांहीच नाही. कोठें गेली होतीस?”

“कॉफी प्यायला असेन. जेवायला. मला काय आठवतंय!”

“गुरुवारीं दीड ते तीन?”

मी पानं हिसकावून घेतली. उलटी, सुलटी, पुन्हा उलटी. अगं बाई! प्रत्येक पानाच्या एका बाजूला राहुकाळ छापलेला, आणि दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच दीड तासात माझ्या नोंदींमध्ये भोक!

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. राहुकाळ म्हणजे दिवसातला दीड तास, वाराप्रमाणे वेळ बदलते. सोमवारी सकाळीच येतो, शुक्रवारी साडेदहा ते बारा. तेव्हा कुठलंही काम सुरू करायचं नाही. आमच्याकडे याची चर्चा कुणी करत नाही, कारण त्यात चर्चा करण्यासारखं कुणाला काही वाटतच नाही. सोमवारी मी साडेसातच्या आत घर सोडायची किंवा नऊनंतर. राहुकाळ लागला की मला आपोआप कॉफीची आठवण व्हायची, कागद नीट लावावेसे वाटायचे. इंजिनियर झाले, पुण्यात राहिले, सगळीकडे शास्त्राच्या गप्पा मारल्या, आणि स्टॉपवॉचचं बटण मात्र राहुकाळात एकदाही दाबलं नाही! आणि हे मला माहीतही नव्हतं.

तिकडे वेलुस्वामीही तेच करत होते. राहुकाळात जुना लॉट संपला की ते तेल आणायला जायचे, बोल्ट आवळायचे पाने पुसायचे, बोल्ट मोजायचे. डायला हात लावायचे नाहीत. नवा सेटरही लावत नव्हता. मालक मुरुगेसन त्या वेळात चेकवर सही करत नव्हते. सगळा कारखाना रोज दीड तास हळूच बाजूला होत होता, आणि तो शोधायला आणलेली बाईसुद्धा त्यांच्याबरोबर बाजूला होत होती.

मी हसत सुटले. एवढी हसले की ह्यांना काळजी वाटली. मग एकदम वेलुस्वामी डोळ्यांसमोर आले आणि हसू थांबलं. एका माणसाच्या बावीस वर्षांच्या कामावर मी शेरा मारला होता, आणि भोक माझ्याच कागदात होतं. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आधी मुरुगेसनना पत्र दिलं. अहवाल चुकला, वेलुस्वामींच्या नोंदी बरोबर होत्या, चूक सर्वस्वी माझी, खाली सही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “राहुकाळात डाय लावू नका असं मी कधीच सांगितलं नाही, अम्मा.” मी म्हटलं, “लावा असं तरी कधी सांगितलंत?” त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली.

मग पॅकिंगमध्ये गेले. वेलुस्वामी मांडी घालून फिल्टर गुंडाळत होते. तिथेही काम इतकं नेटकं, की प्रत्येक पुडीची घडी एकसारखी. मी समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. दिनदर्शिकेची पानंसुद्धा दाखवली.

“सरी, अम्मा,” ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. एवढंच. पुढची पुडी घेतली.

“तुम्ही मला सांगितलं का नाही? मी विचारलं होतं ना?”

“तुम्ही राव घराण्यातल्या, याच गावच्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असून विचारता.” पुडीची घडी दाबत म्हणाले, “मला वाटलं, माझी परीक्षा घेता.”

मी विचारलं, “आता काय करू या? राहुकाळ नाही म्हणून सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. मीच ऐकणार नाही. आणि रोज दीड तास गेला तर शुक्रवारी पाच साइझ होत नाहीत.”

वेलुस्वामींनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. “राहुकाळात सुरुवात करायची नाही. पण आधी सुरू झालेलं काम थांबवा, असं कोण म्हणतं?”

“म्हणजे?”

“एक गाडी बनवून द्या. चाकांची, प्रेसच्या उंचीची. सकाळी पाळी सुरू होताना पाचही डाय पुसून, तेल लावून गाडीवर ठेवतो. बोल्ट, पाने, क्लॅम्प ज्याचे त्याच्याशेजारी. हळदकुंकू लावतो, आणि प्रत्येकीचा एक बोल्ट हाताने फिरवतो. झाली पाचही कामांची सुरुवात! मग दिवसभर नुसतं चालू ठेवायचं.”

मी ताडकन उभी राहिले. अहो, हेच तर मी पुण्यात लोकांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होते! मशीन चालू असताना जी तयारी करता येते ती मशीन थांबवून करू नका. तयारी बाहेर, बदल आत. या माणसाने ते पॅकिंगमध्ये बसून, कुणी न विचारता जुळवून ठेवलं होतं. मी विचारलं, हे आधी का सुचवलं नाही? ते म्हणाले, “सुचवायला कधी बोलावलंत?”

पुढचे दहा दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही, इतकी मजा आली. वेलुस्वामी पुन्हा प्रेसवर आले. गाडी झाली, तिची उंची बोटभर चुकली, पुन्हा कापून जोडली. नवा सेटर त्यांचा हाताखालचा होऊन भराभर शिकत होता. पन्नास मिनिटांचा बदल चाळीसवर आला, मग तीस, मग चोवीस. मी प्रत्येक वेळी ओरडून आकडा सांगायची आणि प्रेसवरची माणसं टाळ्या वाजवायची. दुसऱ्या पाळीची माणसं अर्धा तास आधी येऊन बघत उभी राहायला लागली. शेवटी चाळीस घरांचा प्रश्न होता.

शुक्रवारी चेन्नईहून जोसेफ साहेब आले. गोड बोलणारे, पण पेल्याच्या काठावरून बोट असं फिरवायचे की आमच्या अंगावर काटा यायचा. आठ वाजता पाचही डायांना कुंकू लागलं, पाच बोल्ट फिरले. पहिला साइझ, दुसरा, तिसरा. साडेदहाला राहुकाळ लागला आणि चौथी डाय त्याच दीड तासात डौलात प्रेसवर चढली. बावीस मिनिटं! मुरुगेसन माझ्याकडे बघून नुसते मान हलवत होते.

तेवढ्यात जोसेफ साहेबांचं लक्ष कोपऱ्यातल्या रॅककडे गेलं. “ती छोटी डाय कसली?”

“एका माणसाच्या फिल्टरची,” मुरुगेसन म्हणाले. “कुणी घेत नाही म्हणून बंद केली.”

“बंद केली? अहो, चेन्नईत एकट्या राहणाऱ्या किती मुली नोकरी करतात! मला हाच हवा आहे. पाचव्याऐवजी हा काढून दाखवा. आत्ता लावा. मला बाराच्या आत निघायचंय.”

घड्याळात अकरा दहा. ती डाय गाडीवर नव्हती. तिला कुंकू नव्हतं, तिचा बोल्ट फिरला नव्हता. सगळा कारखाना वेलुस्वामींकडे बघायला लागला. मी तोंड उघडलं, आणि खरं सांगते, माझ्या तोंडून निघणार होतं, ‘आधी कॉफी घेऊ या का?’

वेलुस्वामी रॅकपाशी गेले. डाय उतरवली, पुसली, प्रेसवर ठेवली. तेल लावलं. हे सगळं आवराआवर या सदरात बसत होतं. मग बोल्ट उचलला, पाना उचलला, आणि दोन्ही माझ्यापुढे धरले.

“अम्मा, पहिला बोल्ट तुम्ही लावा.”

“मी?”

“तुम्ही शास्त्र शिकलेल्या. सुरुवात तुम्ही करा, पुढचं मी चालू ठेवतो.” चेहऱ्यावर रेष हलली नाही.

पन्नास-साठ माणसं बघत होती. जोसेफ साहेबांना काहीच कळत नव्हतं, ते घड्याळ बघत होते. मी बोल्ट घेतला. आयुष्यात राहुकाळात मी साधी फोडणीसुद्धा टाकलेली नाही. सगळे देव आठवले, आमचे हे आठवले. बोल्ट भोकात घातला आणि पाना फिरवला. एक आटा, दोन आटे. पाना वेलुस्वामींनी माझ्या हातातून काढून घेतला आणि मग ते जे सुटले! एवढ्या वेगाने काम करताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

पहिल्या पेल्याच्या काठाला सुरकुती. वेलुस्वामींनी दाब जरासा वाढवला. दुसरा पेला निघाला, लहानसा, चकचकीत, काठ गुळगुळीत. जोसेफ साहेबांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि पेला खिशात टाकला. मी स्टॉपवॉच बघितलं. एकोणीस मिनिटं! मी किंचाळलेच.

ऑर्डर मिळाली, एका माणसाच्या फिल्टरसकट. दुसरी पाळी राहिली. कॉफी आली, लोक एकमेकांना पेढे भरवायला लागले, आणि मी वेलुस्वामींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझे हात अजून तेलकट होते.

“खरं सांगा,” मी म्हटलं, “तो दुसरा पेलाही बिघडला असता, फाटला असता, तर तुम्ही काय केलं असतंत?”

वेलुस्वामींनी कॉफीचा घोट घेतला. सावकाश गिळला.

“अहवाल लिहिला असता, अम्मा,” ते म्हणाले. “तुमच्या नावानिशी.”